सेट वाजत असताना बोलायचं नाही

गोंदियाजवळच्या गोरेगावच्या शाळेत बदली झाली तेव्हा मी खोली बघायला गेलो, आणि घरमालकांनी भाडं सांगायच्या आधी टाळी वाजवली. रिकाम्या खोलीच्या मधोमध उभं राहून एकच कडक टाळी. मग मान तिरपी करून काहीतरी ऐकलं, दोन पावलं सरकले, पुन्हा टाळी. मी दारात चपला काढून उभा. मला वाटलं, घराला काही बाधा-बिधा असावी आणि हा तिचा उतारा चाललाय.

"या भिंतीवर एक गोधडी टांगजा जी," ते म्हणाले. "नाईत तुमी एकदा बोलान, खोली दोनदा बोलन."

मग त्यांनी मला फक्त एक प्रश्न विचारला. घोरता काय? मी नाही म्हणालो. खरं तर माहीत नव्हतं, पण खोली हवी होती. आठवड्याने सकाळी चहा पिताना ते म्हणाले, "घोरता जी तुमी. पण सुरात घोरता. राहा."

या माणसाला अख्खं गाव काका म्हणायचं, मीही म्हणू लागलो. वय साठीच्या पुढे, अंगात बारा महिने बिनबाह्यांचा स्वेटर, आणि कानांवर केस एवढे की त्यातून ऐकू कसं येतं हा प्रश्न पडावा. आमच्या या झाडीपट्टीत दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम सुरू होतो, गावोगावी मंडप पडतात. त्या नाटकांना साउंड लावण्यात काकांची तीस वर्षं गेली होती. पुढे गुडघे दुखायला लागले तसे त्यांनी भोंगे आणि मशिनी विकल्या आणि घरासमोर टिनाचं शेड टाकून गाड्यांमध्ये गाण्यांचे सेट बसवायला सुरुवात केली. शेडवर पाटी नव्हती. जाहिरात म्हणाल तर ज्यांना त्यांनी हाकलून दिलं त्यांनी केलेली बोंब, तेवढीच.

हाकलायचे मात्र मनापासून. गोंदियाहून एकदा एक ठेकेदार नवीकोरी गाडी घेऊन आले. "काका, ऐसा बेस चाहिये की सामनेवाला पलट के देखे," म्हणाले. काकांनी गाडीच्या दारावर बोटाने टकटक केलं. "दार पत्र्याचं, आत हवा. याच्यात बेस लावला त गाणं नाई, दारच आयकान." तरी ठेकेदार हट्टाला पेटले. मग काकांनी त्यांचा नेहमीचा नियम सांगितला. गाडीत जे जे बसतात त्या सगळ्यांना आणायचं, आपापल्या जागी बसवायचं, त्याशिवाय सेट लागणार नाही. ठेकेदार म्हणाले, मी एकटाच बसतो. काका खाली वाकले, डाव्या सीटखालून केसांची एक पिन काढली आणि ती त्यांच्या तळहातावर ठेवली.

"ज्याची पिन हाये त्याले घेऊन या जी."

ठेकेदार पुन्हा आले नाहीत. पिन घेऊन गेले मात्र.

दुसरा नियम असा की सेट वाजत असताना कोणी बोलायचं नाही. हूं नाही की चूं नाही. एकदा त्यांच्या सख्ख्या व्याह्यांनी गाडीत बसून "वा!" म्हटलं, तर काकांनी सेट बंद केला, "झालं तुमचं?" विचारलं आणि गाणं पहिल्यापासून लावलं. व्याही त्यानंतर दोन महिने त्यांच्याकडे जेवायला आले नाहीत. काकांना त्याचं काही वाटल्याचं दिसलं नाही. स्वतःच्या घरात मात्र या माणसाकडे साधा रेडिओ नव्हता. मी विचारलं तर म्हणाले, "दिवसभर आयकतोच ना जी. घरी कायले?" आणि सायकलवर टांग टाकून बाजाराला गेले.

आता माझं सांगतो, कारण त्याशिवाय काकांचं सांगून होणार नाही.

आमचं घर सालेकश्याच्या बाजूला, रेल्वेच्या रुळापलीकडच्या गावात. तिथे आई, बाबा आणि दादाचा संसार. घरची धानाची शेती. बाबा आयुष्यभर बोलले. बांधावर बोलले, बैलांशी बोलले, खांद्याला रेडिओ अडकवून त्यातल्या बातम्या देणाऱ्याशीसुद्धा बोलले. आणि गेल्या वर्षभरात ते हळूहळू गप्प होत गेले. मी शनिवारी घरी जाऊन विचारावं, "बाबा, जेवले काय?" आणि त्यांनी म्हणावं, "हो, येईन पाऊस." कधी नुसतेच हसायचे. कधी तेही नाही. दादा म्हणायचा, "डोसकं चाललं बाबाचं." मी त्याच्यावर चिडायचो, कारण मलाही तेच वाटत होतं.

फक्त आई म्हणायची, "थे माह्याशी त बराबर बोलते." आम्ही ते कानाआड केलं. पन्नास वर्षांचा संसार, बाई दुसरं काय म्हणणार.

मग एक दिवस बाबा सायकल घेऊन रस्ता ओलांडत होते. उजवीकडून मोटरसायकल आली, हॉर्नवर हॉर्न, आणि बाबा आपले सरळ. मोटरसायकलवरचा पोरगा वाचला, बाबा वाचले, सायकलचा कॅरिअर गेला. त्या दिवशी दादाने सायकलला कुलूप घातलं आणि किल्ली आपल्या करदोट्याला बांधली. धान विकायला बाबांना पाठवणं बंद झालं. बाबा ओसरीतल्या खाटेवर पडून समोरच्या बांद्या, म्हणजे धानाचे वाफे, बघत राहायला लागले. दादा वाईट नाही. तो घाबरला होता, आणि आमच्या घरात घाबरलेली माणसं कुलपं लावतात.

नागपूरच्या डोक्याच्या डॉक्टरची महिन्यानंतरची वेळ घेतली. एसटीत बाबांना नेणं जिवावर आलं म्हणून मी शाळेतल्या एका मास्तरांची जुनी गाडी घेतली. छोटी, पांढरी, तिच्यातला सेट अर्धा मुका. पहिल्याच दिवशी चाचणी म्हणून बाबांना घरून गोरेगावपर्यंत आणलं. बाबा डावीकडे खिडकी उघडी टाकून बाहेर बघत बसले. मी चार गोष्टी विचारल्या, चारही हवेत गेल्या. पाचवी विचारायची मला हिंमत झाली नाही. नागपूरपर्यंतचा रस्ता असाच काढायचा होता. म्हणून सेट. रस्ताभर गाणी वाजली तर आमचं न बोलणं निदान लपेल, एवढाच माझा हिशेब होता.

काकांना मी हे सगळं सांगितलं नाही. म्हणालो, चार हजारात बसवा, बाबांना गाण्याची आवड आहे.

काकांनी एका खोक्याचा पुठ्ठा फाडून त्यावर माझ्या गाडीचं चित्र काढलं. चार चाकं, चार दारं आणि सीटच्या जागी चार गोल. "कोण कोठी बसन?" मी सांगितलं तशी गोलांत नावं लिहिली. मग बेत सांगितला. जुना सेट फेकायचा नाही, तो गातो बरा, त्याला तोंड नाही. मागचे स्पीकर काढून टाकायचे, "मांगं बसणारे झोपतेत." पहिल्या आठवड्यात फक्त पुढची दोन दारं बंदिस्त करायची. दुसऱ्या आठवड्यात पुढचे दोन स्पीकर. तिसऱ्या आठवड्यात वायर. आवाज वाढवायचं मशीन पुढच्या वर्षी, वाटलं तर.

"सगळं एकाच दिवशी करा ना काका."

"मंग कशानं सुधरलं थे कसं समजन? एका टायमाले एकच बदलायचं. शाळेत नाई शिकवत काय?"

मी विज्ञानच शिकवतो.

पण धीर माझ्याच्याने धरवला नाही. गोंदियाला कामासाठी गेलो असताना एका जुन्या सामानाच्या दुकानात बेस काढणाऱ्या वूफरचा भला मोठा डबा दिसला. दुकानदाराने वाजवून दाखवला तेव्हा समोरच्या पानटपरीवरचा चुना हलला. "ले जाओ सर, ऐसा मौका नहीं मिलेगा," म्हणाला. घेतला आणि डिकीत चादरीखाली लपवून आणला. काकांनी डिकी उघडलीसुद्धा नाही. गाडी आवारात वळताना मागचा टायर किती दबला ते पाहिलं आणि म्हणाले, "काय आणलं जी गुरुजी?" मी चादर काढली. त्यांनी त्यावर बोटाने टकटक केलं. मग तो डबा उचलून शेडमध्ये आडवा ठेवला आणि त्यावर बसून माझ्या दारांचं काम सुरू केलं. पुढे वर्षभर तो त्यांचा स्टूल होता. आल्या-गेल्याला सांगायचे, गुरुजींनी दिला.

दारांचं काम बघण्यासारखं होतं. आतलं कव्हर काढून, छत गळू नये म्हणून लावतात तसली डांबरी पट्टी पत्र्यावर चिकटवली, त्यावर जुन्या कांबळीचे तुकडे. मग एक काचेची बरणी आली. तिच्यात धान. काकांनी डॅशबोर्डवर, दारांच्या कडेवर, मागच्या काचेखालच्या फळीवर चिमूट-चिमूट धान टाकलं आणि सेट चालू केला. जिथले दाणे नाचले तिथे पत्रा थरथरतो आहे. तिथे आणखी एक तुकडा. पुन्हा धान, पुन्हा सेट. धान जाडच लागायचं. बारीक धान उगाच नाचतं, म्हणायचे. तीन दिवसांनी सेट मोठा केला तरी दाणे जागचे हलले नाहीत, आणि जुनेच स्पीकर निम्म्याने बरे वाजायला लागले. मी तोंड उघडणार तेवढ्यात काकांनी बोट वर केलं. सेट चालू होता.

तिसऱ्या आठवड्यात, बाजाराच्या दिवशी, आई-बाबा आणि दादा आले. काकांनी पुठ्ठा काढला आणि चित्राबरहुकूम सगळ्यांना बसवलं. मी चालकाच्या जागी, माझ्या डावीकडे बाबा, मागे आई आणि दादा. स्वतः माझ्या खिडकीतून आत हात घालून सेटच्या बटणाशी. त्यांच्याकडे एक पेन ड्राइव्ह होता, त्यात एकही गाणं नव्हतं. फक्त त्यांच्या स्वतःच्या टाळ्या. आवाज अगदी बारीक ठेवणार, टाळी ऐकू आली की हात वर करायचा, बोलायचं नाही.

पहिली टाळी फक्त उजव्या बाजूने. मी, आई, दादा, तिघांचे हात वर. बाबा खिडकीबाहेर बघत होते. आरशात दादाची आणि माझी नजरानजर झाली. बघ, असं होतं त्या नजरेत. मला गाडीतून उतरून निघून जावंसं वाटलं.

मग काकांनी आवाज डावीकडे नेला. टाळी वाजली आणि बाबांचा हात आमच्या सगळ्यांच्या आधी वर गेला.

"बाबाचं असंच हाये," दादा म्हणाला, "कधी मन लागते, कधी—"

काकांनी त्याच्याकडे असं पाहिलं की वाक्य तिथेच राहिलं. पुन्हा उजवीकडे. बाबा स्वस्थ. डावीकडे, हात वर. तीनदा तेच. काकांनी मला आणि दादाला उतरवलं, उजव्या दाराचं कव्हर काढलं, वायर बघितली, दोन्ही स्पीकरच्या वायरींची अदलाबदल केली. तेच. उजव्या स्पीकरला कान लावला.

"स्पीकर बरा हाये," ते स्वतःशीच म्हणाले. मग म्हणाले, "आता बाबा बदलून पाहू."

त्यांनी बाबांचा हात धरून त्यांना चालकाच्या जागी आणून बसवलं. बाबांनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि वर्षभरात पहिल्यांदा आमच्याकडे बघून नीट हसले. उजवा स्पीकर आता त्यांच्या गुडघ्याला लागून. त्यातून टाळी वाजली. मागे बसलेल्या आईने हात वर केला. बाबांनी नाही. डावीकडची टाळी, पलीकडच्या दारातली, लांबची, वाजली. बाबांचा हात वर.

काकांनी सेट बंद केला. गाडीला वळसा घालून डाव्या खिडकीशी गेले, गाडीकडे पाठ करून उभे राहिले आणि साध्या आवाजात म्हणाले, "बाबा, यंदा धान कोणतं लावलं जी?"

"बारीक," बाबा म्हणाले. "पण सांगू का, रोवणा उशिरा झाला. मी म्हणून राहिलो होतो का पऱ्हा रोवाले तयार हाये, आजच मजूर सांगा. पण हा मोठा आयकते काय? वरच्या बांदीत पाणी हाये, खालच्या बांदीची पार फुटून पाणी वाहून चाललं, थे मी खाटेवरून पाहून राहिलो, पण मले कोणी इचारतच नाई..."

वर्षभराचं साठलेलं बोलणं होतं ते. कोणत्या बांदीत किती पाणी, कोणता बैल लंगडतो, दादाने खत कुठे कमी टाकलं. एक गोष्ट चुकीची नव्हती. दादा मान खाली घालून उभा होता. बाबा थांबल्यावर काका चालत इकडे आले, उजव्या खिडकीत, बाबांच्या कानापासून हातभर अंतरावर, आणि त्याच आवाजात तोच प्रश्न विचारला. बाबा समोर काचेतून रस्ता बघत राहिले.

"डोसकं ठीक हाये जी, गुरुजी," काका म्हणाले. "उजवी लाइन बंद हाये."

मी गाडीला टेकलो. आधी हसू आलं आणि त्याच्या पाठोपाठ रडू. डोळ्यांसमोर आमची ओसरी आली. बाबांची खाट भिंतीला लावलेली, डावा कान भिंतीकडे, उजवा दाराकडे, आणि आम्ही सगळे वर्षभर त्या दारातूनच बोलत आलेलो. आई तेवढी जेवताना त्यांच्या डाव्या हाताला बसते, लग्न झाल्यापासून.

"मी सांगून राहिली होती," मागच्या सीटवरून आई म्हणाली. "पण बाईमाणसाचं कोण आयकते."



गोंदियाच्या कानाच्या डॉक्टरने उजव्या कानातून वर्षानुवर्षांचा दगड झालेला मळ काढला. थोडं ऐकू यायला लागलं, थोडं कायमचं गेलं होतं, त्याला एक लहानसं मशीन दिलं. घरी आलो तर दादाने कोणालाही न सांगता खाट फिरवून ठेवली होती. मग करदोट्याची किल्ली सोडवून बाबांच्या हातात दिली. गाठ सुटता सुटत नव्हती, शेवटी दातांनी सोडवली. "हळू चालवजा," एवढंच म्हणाला.

नागपूरला तरीही गेलो, मनात किंतु नको म्हणून. मी, बाबा, दादा, आणि मागच्या सीटवर काका, बिनबाह्यांच्या स्वेटरसकट. त्यांना सेट मोठ्या रस्त्यावर कसा वाजतो ते ऐकायचं होतं. नवे स्पीकर बसले होते, वायर बदलली होती, चार हजारांतले काही रुपये उरलेही होते. जाताना सेट लावायचं कोणाच्या मनात आलं नाही. कितीही झालं तरी डोक्याचा डॉक्टर होता. त्याने बाबांना तासभर प्रश्न विचारले. बाबांनी उत्तरं दिली आणि शेवटी त्यालाच विचारलं, तुमच्याकडे धान होते का? डॉक्टर म्हणाला, यांना काही झालेलं नाही, घेऊन जा.

परत निघाल्यावर मी सेट लावला. काय वाजत होता! एकेक शब्द सुटा, एकेक ठेका मोजून घ्यावा असा, दार गप्प, पत्रा गप्प. आरशातून पाहिलं तर काका डोळे मिटून मान तिरपी करून बसले होते, खोलीत टाळी वाजवली होती त्या दिवशीसारखे. तीन आठवड्यांच्या कामाची परीक्षा होती ती. आणि तेवढ्यात बाबांना काहीतरी आठवलं.

"तुले सांगू का," ते म्हणाले, "तू लहान होता तवा एकदा..."

व्याह्यांची गोष्ट मला पाठ होती. आता मागून "झालं तुमचं?" येणार. मी आरशात बघून डोळ्यांनीच माफी मागायला लागलो. काकांनी डोळे उघडले. बाबा आपले बोलतच होते, बैल, पूर, मी कुठे हरवलो होतो ते, सगळं एका दमात.

काका पुढे वाकले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"गुरुजी," ते हळूच म्हणाले, "सेट बंद करा जी. बाबा बोलून राहिले."